साइट उघडण्याआधी वही उघडा: प्रोजेक्टचे व्हेरिएबल निवडताना

फेब्रुवारी उजाडला की एम.ए.च्या मुलांचे फोन सुरू होतात. ‘सर, डेटा डाऊनलोड झालाय, आता विषय सुचवा.’ वरात निघालीय, नवरदेव शोधा, असला हा प्रकार. म्हणून या वर्षी तयारीची यादी आधीच लिहून ठेवतोय. उदाहरण एकच घेतो, कारण दरवर्षी कुणी ना कुणी ते निवडतंच: मुलींचं शिक्षण आणि बालमृत्यू, भारत आणि शेजारचे देश.

पहिलं काम लॅपटॉप मिटून करायचं. वहीत एका ओळीत प्रश्न लिहा. बहुतेक जण लिहितात, ‘शिकलेल्या आईची मुलं जास्त जगतात का?’ प्रश्न झकास आहे, पण देशवार आकडे त्याचं उत्तर देणार नाहीत. त्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक देश असतो, एक आई नव्हे. आयांबद्दल बोलायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारखे घराघरांतून गोळा केलेले आकडे लागतात, आणि तो वेगळा प्रोजेक्ट आहे. देशवार आकड्यांना झेपेल असा प्रश्न म्हणजे ‘जिथे मुलींचं शिक्षण आधी पसरलं, तिथे बालमृत्यू आधी उतरला का?’ हे वाक्य जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता जागतिक बँकेचा ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स’ हा साठा उघडा. चौदाशेच्या वर निर्देशक, २१७ अर्थव्यवस्था, वर्षं १९६० पासून. यादी न घेता मंडईत शिरलेल्या माणसाचं जे होतं तेच इथे होतं: पिशवी भरते, स्वयंपाकाला काही मिळत नाही. तुम्हाला हवेत चार-पाच रकाने, म्हणजेच चार-पाच व्हेरिएबल (देशागणिक बदलणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टी). दक्षिण आशियातले मोजके देश घेऊन सहा-सहा कारणं मॉडेलमध्ये (कारण-परिणाम जोडणाऱ्या समीकरणात) कोंबली, तर उत्तर येईल पण त्याला अर्थ नसेल.

परिणामाच्या बाजूला पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर घ्या, दर हजार जिवंत जन्मांमागे. मात्र घेण्याआधी निर्देशकाच्या नावाशेजारचं माहितीचं बटण दाबा. तिथे कळेल की हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या गटाने वेगवेगळ्या पाहण्या आणि नोंदी जुळवून, त्यांच्यामधून एक रेषा काढून बसवलेला अंदाज आहे. म्हणून तर ज्या वर्षी पाहणीच झाली नाही त्या वर्षीही आकडा दिसतो, आणि आलेख इतका गुळगुळीत येतो. एखाद्या वर्षीचा छोटासा उतार दाखवून ‘योजनेचा परिणाम’ असं लिहू नका.

मातामृत्यूचं प्रमाण घेणार असाल, तर जरा बसूनच बोलू. मागे एका मुलीने ते घेतलं आणि दरडोई उत्पन्नाशी असा काही घट्ट संबंध आला की ती पेढेच वाटणार होती. मग आम्ही दोघांनी मेटाडेटा, म्हणजे आकडा कसा काढला याची माहिती, वाचला. ज्या देशांत मृत्यूंच्या नोंदी धड नाहीत, तिथलं मातामृत्यूचं प्रमाण बऱ्याच अंशी मॉडेलमधून येतं. त्या मॉडेलमध्ये घातलेल्या गोष्टी तीन: दरडोई उत्पन्न, जननदर आणि प्रशिक्षित हातांनी झालेल्या बाळंतपणांचं प्रमाण. म्हणजे अंदाज करणाऱ्यांनी आत घातलेलंच उत्पन्न तिने पुन्हा बाहेर काढलं होतं. चूक तिची एकटीची नव्हती, मीही पहिल्या वाचनात मान डोलावली होती. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक व्हेरिएबलपुढे वहीत ‘मोजलेलं’ की ‘अंदाजलेलं’ ते लिहायचं, आणि अंदाजलेलं असेल तर कशावरून, तेही.

मानव विकास निर्देशांकाचं दुखणं याच जातीचं, फक्त उघड. तो १९९० पासून निघतो, आणि आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न हे त्याचे घटकच आहेत. त्यामुळे ‘उत्पन्नाचा मानव विकासावर परिणाम’ हा विषय आणाल तर मी सही करणार नाही.

शिक्षणाची बाजू जास्त किचकट आहे. साक्षरता सगळ्यांना आवडते, पण भारताची ओळ उघडून पाहा: जनगणनेच्या आणि काही पाहण्यांच्या वर्षी आकडे, मध्ये रिकाम्या चौकटी. त्यात व्याख्येचा घोळ. आपल्या जनगणनेत साक्षरता सात वर्षांपासून पुढे मोजतात, म्हणून २०११ चा आपला पाठ आकडा ७४ टक्के. आंतरराष्ट्रीय तक्त्यात प्रौढ साक्षरता पंधरा वर्षांपासून पुढची, म्हणून त्याच जनगणनेतून तिथे ६९ च्या आसपास आकडा येतो. दोन्ही बरोबर आहेत, एका आलेखात मात्र दोन्ही नकोत. शाळेतल्या पटनोंदणीचं एकूण प्रमाण घेतलंत तर ते कधी कधी शंभराच्या वर जाईल. घाबरू नका, वय उलटून गेलेली आणि नापास होऊन त्याच वर्गात बसलेली मुलंही वर, अंशात, मोजली जातात. खरी अडचण वेगळी. आज पाचवीत बसलेली मुलगी आज आई नाही. तेव्हा आजच्या बालमृत्यूसमोर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पटनोंदणी ठेवा, किंवा प्रौढ स्त्रियांनी सरासरी किती वर्षं शिक्षण घेतलं तो आकडा घ्या. मला दुसरा बरा वाटतो.

उत्पन्नाचं थोडक्यात. चालू डॉलरमधला आकडा घेऊ नका, रुपया घसरला की देश गरीब झाल्यासारखा दिसतो. क्रयशक्ती समानतेवर आधारलेलं (देशादेशांतल्या किमतींचा फरक वगळलेलं), स्थिर किमतींचं दरडोई उत्पन्न घ्या आणि त्याचा लॉग (लॉगरिदम) काढा. आफ्रिकी देश जोडणार असाल तर एक सावधगिरी. घानाने २०१० मध्ये हिशेबाचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि धंदे धरून हिशेब होतो ते) बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर साठ टक्क्यांच्या आसपास फुगली. नायजेरियाची २०१४ मध्ये जवळजवळ नव्वद टक्क्यांनी. एका रात्रीत तिथे कारखाने उभे राहिले नव्हते, आधी हिशेबात नसलेले धंदे मोजले गेले. आलेखात अचानक पायरी दिसली की आधी आधारवर्ष तपासायचं.

स्त्रियांचा कामातला सहभाग जोडावासा वाटेल. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक देशाने स्वतः दिलेली आणि एक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मॉडेलने बसवलेली. एकच निवडा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. भारतात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा हा दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. ही वाढ बरीचशी ग्रामीण भागातली आणि स्वयंरोजगारातली आहे. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही त्यात येतात. तेव्हा ‘बायकांना नोकऱ्या मिळाल्या’ असं वाक्य टाकण्याआधी थांबा. दारिद्र्याचा दर घेणार असाल तर कोणत्या रेषेचा ते लिहा: दिवसाला माणशी १.९० डॉलरची रेषा २०२२ मध्ये २.१५ झाली, २०२५ मध्ये ३ डॉलर.

आता फाइल. मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा, काम प्रतीवर करा. ‘जग’, ‘अरब जग’, ‘उच्च उत्पन्न गट’ असल्या ओळी देशांच्याच रांगेत बसलेल्या असतात, त्या काढल्या नाहीत तर भारत दोनदा-तीनदा मोजला जातो. चौकटीत दोन टिंबं दिसली तर तिथे आकडा नाही. शून्यही नाही, हे ठळक करून सांगतो, कारण एक्सेलमध्ये ‘सगळं बदला’ दाबून टिंबांचं शून्य करणारे महाभाग दरवर्षी भेटतात. देश जुळवताना नावावर जाऊ नका, तुर्की आणि स्वाझिलंड यांनी नावं बदलली आहेत. तीन अक्षरी कोड वापरा. दोन अक्षरी वापरलात तर एक गंमत होते. नामिबियाचा कोड आहे ‘एनए’, आणि आर किंवा पायथन या आकडेमोडीच्या संगणकी भाषांना ‘एनए’ म्हणजे ‘माहिती नाही’ असं वाटतं. एका मुलाच्या तक्त्यातून अख्खा देश असा गायब झाला होता, आणि आम्ही दोन दिवस डाऊनलोडला शिव्या घालत होतो.

शेवटी फाइलच्या नावात डाऊनलोडची तारीख घाला. जुनी वर्षंसुद्धा मागाहून दुरुस्त होतात, आणि नुसते आकडेच बदलतात असंही नाही. जागतिक बँकेच्या दक्षिण आशियात पूर्वी आठ देश होते. जुलै २०२५ पासून अफगाणिस्तान आणि पाकिस्तान मध्यपूर्वेच्या गटात गेले. सीनियरकडून घेतलेली जुनी फाइल आणि तुमची नवी फाइल, दोन्हींत ‘दक्षिण आशिया’ अशी एक ओळ सापडेल. पहिलीत आठ देश आहेत, दुसरीत सहा.