कोकम सरबताने पोट उतरत नाही: या चुका टाळा

रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, हंगाम आला की माझ्याकडे आहाराच्या सल्ल्याला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "कोकमाने चरबी जळते ना?" नाही जळत. उलट या समजुतीपायी कुडाळ-सावंतवाडीकडे जेवढी साखर पोटात जाते, तेवढी लाडवांतूनही जात नसेल.

गेल्या हंगामातल्या एक काकू. चहा बिनसाखरेचा, भात मोजून, तरी काटा वरच. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दुपारी एक ग्लास अमृत कोकम, संध्याकाळी एक, पाहुणा आला की आणखी एक. वर मलाच विचारतात, "मी साखर खंय खातंय?" अहो, बरणीत सालांच्या दुप्पट साखर घालून उन्हात मुरवलेलं ते! साखरेने इन्सुलिन वाढतं आणि ते चढलेलं असेतो चरबीपेशी आपला साठा बाहेर सोडत नाहीत. सालातलं अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य कितीही गुणी असो, एवढ्या साखरेपुढे त्याची मात्रा चालत नाही. मी रात्री चार आमसुलं भिजत घालते, सकाळी कुस्करून जिरेपूड टाकते, झालं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तोही चालेल, पण त्यात मीठ फार. रक्तदाबवाल्यांनी बेतानं घ्यावं.

सरबत सोडून कॅप्सूलकडे वळणारे तर अधिकच घाईचे. कोकमातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल पिष्ट-साखरेपासून चरबी बनवणाऱ्या वाटेवरचं एक एन्झाइम अडवतं, हे खरं. पण माणसाच्या चरबीपेशीतला बराचसा साठा जेवणातल्या तेला-तुपातूनच थेट येतो. १९९८ साली रातांब्याच्या बहिणीचा, म्हणजे मलबार चिंचेचा, अर्क १३५ जणांवर १२ आठवडे तपासला गेला. औषध नसलेल्या गोळीपेक्षा वजन काही जास्त उतरलं नाही. असे अर्क असलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

व्यायामासोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेऊ नका. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांत व्यायामाचा फायदाच बुडाला: इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली नाही, चरबीपेशींतून निघणारं, इन्सुलिनला साथ देणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरकही वाढलं नाही. व्यायामात प्राणवायूच्या वापरातून पेशींवर येणारा थोडा ऑक्सिडेटिव्ह ताण शरीराला हवाच असतो, या गोळ्या तोच दाबतात. आवळा खा, पेरू खा, गोळी राहू द्या.

बांगडा तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा कढईत ओतू नका. त्यापेक्षा तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करा.

नारळाला शिव्या देऊ नका, वाटी मोजा.

आणि "माझ्या चरबीपेशी मेल्या का?" असं महिनाभरात विचारायला येऊ नका. मोठेपणी त्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते. दरवर्षी साधारण १० टक्के मरतात, तितक्याच नव्या येतात. वजन उतरतं तेव्हा त्या आकाराने लहान होतात. फुगलेल्या पेशीला प्राणवायू अपुरा पडतो, तिथे दाह वाढतो आणि अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. पेशी आकसल्या की दाह ओसरू लागतो, पण त्याला महिने लागतात. तोवर रोज काट्यावर चढू नका, कमरेला टेप लावा, तीही महिन्यातून एकदाच.