विनोदी फिल्म शूट करताय? कंटिन्युइटीच्या या चुका टाळा

विनोदी फिल्मचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पोह्यांची बशी. मास्टर शॉटमध्ये (पूर्ण सीन एकत्र दाखवणारा शॉट) भरलेली, क्लोजमध्ये (जवळून घेतलेला शॉट) अर्धी, परत मास्टरवर आलात की पुन्हा शीग लागलेली. लिंबाची फोड तर स्वतःच्या मर्जीने फिरत असते. एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना वस्तू, कपडे, हालचाली जुळत्या ठेवणं म्हणजे कंटिन्युइटी, आणि ती इथेच तुटते.

असं का होतं? एक कॅमेरा असला की तोच सीन चार-पाचदा करावा लागतो. आधी मास्टर, मग दोघांची सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), मग क्लोज. मध्ये लाइट बदलतात, जेवणाचा ब्रेक होतो. गंभीर फिल्ममध्ये नट निदान तेच ते करत राहतो. विनोदी नट तिसऱ्या टेकला मनाचं काहीतरी घालतो, अख्खं युनिट तोंड दाबून हसतं, आणि चमचा कोणत्या हातात होता हे पाहायला एकही डोळा शिल्लक राहत नाही. मीही असिस्टंट असताना अशाच एका टेकला हसत बसलो होतो. एडिटवर कळलं, जावईबापूंचा कप वाक्याच्या मध्यावर बशीतून थेट ओठांपाशी पोचलाय. शेवटी त्याच्या निम्म्याने हसू येणारा टेक लावावा लागला.

हॉलिवूडचे संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे मारायचा यासाठी सहा निकष मांडले आणि त्यांना वजनं दिली. भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला 10. खोलीत कोण कुठे आहे, याला फक्त 4. हे आकडे दाखवून ‘कंटिन्युइटीला कोण विचारतो’ म्हणणारे दिग्दर्शक मला भेटलेत. पण कंटिन्युइटी चुका काढणाऱ्या प्रेक्षकासाठी सांभाळायचीच नसते, ती संकलकासाठी सांभाळायची. सगळ्यात हसवणारा टेक त्याला बिनधास्त वापरता आला पाहिजे. नाहीतर तो टेक हार्ड डिस्कमध्येच राहतो.

म्हणून सगळं सांभाळायला जाऊ नका, विनोद ज्या वस्तूवर उभा आहे ती सांभाळा. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं तर कुणाचं लक्ष जाणार नाही. मेव्हण्याच्या खोट्या मिशीवर पूर्ण सीन असेल आणि ती प्रत्येक शॉटला अर्धा बोट सरकत असेल, तर हशा भलत्याच जागी येईल. कंटिन्युइटी शीटवर ‘चहा पितो’ एवढं लिहून उपयोग नाही. कोणत्या शब्दावर कप उचलला, कोणत्या शब्दावर ठेवला, कोणत्या हाताने, हे लिहा. मोबाइलवर फोटो टेकच्या सुरुवातीला काढाच, पण ‘कट’ झाल्यावर कुणी हलायच्या आतही काढा. पोहे दहा बशा होतील इतके करून ठेवायला स्पॉटदादांना सांगा आणि नटाला एका ठरावीक वाक्यालाच घास घ्यायला लावा. नट ऐनवेळी काही घालणारा असेल, तर दुसरा कॅमेरा भाड्याने आणा. दोघांचे चेहरे एकाच वेळी मिळाले की निम्मी भांडणं मिटतात.

तपशिलाच्या चुकांचा प्रकार वेगळा. विनोदी फिल्मला थापा माफ असतात. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस आडवा होत नाही, त्याला काही मिनिटं लागतात, पण ती थाप प्रेक्षकाने केव्हाच मान्य केली आहे. ज्या तपशिलावर विनोद टेकलाय तो खोटा निघाला, की मात्र पंचाईत होते. समजा, गणेश चतुर्थीला चुकून चंद्र पाहिल्यामुळे नायकावर चोरीचा आळ येतो. गोष्ट छान आहे. पण दिग्दर्शकाने मध्यरात्रीच्या आकाशात पौर्णिमेचा गरगरीत चंद्र लावला, तर आजीच नव्हे, पंचांग न पाहणारी नातसुद्धा हसेल. चतुर्थीची कोर पश्चिमेला असते आणि रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मावळते. नायकाला संध्याकाळीच गच्चीवर पाठवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर चंद्र दाखवूच नका, ती अमावस्या.

जुना काळ दाखवायचा असेल तर नोटा आणि नंबरप्लेट हमखास दगा देतात. गाड्यांची ‘एमएच’ मालिका 1989 पासूनच्या नव्या नियमांतली आहे, 1985 च्या स्कूटरवर ती नको. 500 च्या नोटेवर लाल किल्ला आला तो 2016 च्या नोटाबंदीनंतर. देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 चा. तुमचा सगळा घोळ ‘निरोप पोचला नाही’ यावर असेल, तर कथा त्याच्या आधी नेणं सोयीचं. आणि मरीन ड्राइव्ह चालेल, पण वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 च्या आधी मागे दिसता कामा नये.

एवढं करूनही एडिटवर जंप, म्हणजे दोन शॉट न जुळल्याने बसणारा झटका, सापडतोच. पहिला उपाय म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा. वाक्य त्याच्यावर सरकवा, कप तेवढ्यात कुठेही जाऊ दे. विनोद तसाही बऱ्याचदा ऐकणाऱ्याच्याच तोंडावर फुलतो, म्हणून सेटवर न बोलणाऱ्यांचे प्रतिक्रियेचे शॉट वेगळे घेऊन ठेवा. फोर-केमध्ये, म्हणजे एचडीपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये, शूट करून फिल्म एचडीत काढणार असाल, तर फ्रेम आत ओढून बशी कापता येते.

नजरेची दिशा चुकली तर शॉट आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवायचा मोह होतो. तसं करण्याआधी फ्रेममधली पाटी वाचून पाहा, मग शर्टाची बटणं, मग घड्याळाचं मनगट. आणि पदर बघाच. एकदा आम्ही असा शॉट उलटवला आणि नऊवारीतल्या आत्याबाईंचा पदर तीन सेकंदांसाठी उजव्या खांद्यावर गेला.