स्पॅमअसॅसिन नीट काम करत नाही? आधी हेडर वाचा

फोर्टमधली सीए फर्म असो की गोरेगावच्या गाळ्यातला छोटा कारखाना, स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांकडे बरेचदा पोस्टफिक्सला (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) स्पॅमअसॅसिन जोडलेला असतो. ही स्पॅमची गाळणी: प्रत्येक मेलला नियमांप्रमाणे गुण देते आणि मर्यादा ओलांडली की तो स्पॅम ठरवते. तक्रारी दोनच प्रकारच्या: लोन-लॉटरीचे मेल इनबॉक्समध्ये येतात, नाहीतर गिऱ्हाइकाची खरी ऑर्डर स्पॅममध्ये जाऊन बसते. मग कोणीतरी ५ गुणांची मर्यादा ३ वर आणतो. तिला हात लावू नका. बिघाड सहसा तिथे नसतोच.

१. हेडर उघडा. हेडर म्हणजे मेलच्या मजकुराआधीच्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळी. तक्रारीतल्या मेलचा पूर्ण सोर्स बघा आणि ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ही ओळ शोधा. ती नसेल तर मेल गाळणीपर्यंत पोचलाच नाही. स्पॅमडी ही तपासणारी सेवा बंद असली की तिच्याकडे मेल नेणारा स्पॅमसी मेल अडवत नाही, जसाच्या तसा पुढे सोडतो. मेल हरवू नये म्हणून मुद्दाम केलेली ही सोय आहे, पण त्यामुळे सेवा आठवडाभर बंद पडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सेवा चालू आहे का, ७८३ पोर्टवर ऐकते आहे का, ते तपासा. दुसरं कारण आकार: ५०० केबीच्या वरचा मेल स्पॅमसी मुळात तपासतच नाही.

२. नियमांची नावं वाचा. ओळ आहे पण गुण विचित्र आहेत? मग त्याच ओळीत कोणते नियम लागले ते लिहिलेलं असतं. ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ (लिंक तपासणाऱ्या यादीने उत्तर नाकारलं) दिसलं तर अर्धं काम झालं म्हणा. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलमागे काळ्या याद्यांना (स्पॅमशी जोडलेल्या पत्त्यांच्या नोंदी) डीएनएसवरून, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्ता सेवेवरून, विचारणा करतो. तुमच्या राउटरमध्ये गूगलचा सार्वजनिक डीएनएस ८.८.८.८ घातलेला असेल, तर याद्यांना जगभरातल्या असंख्य सर्व्हरांची विचारणा त्याच दारातून येताना दिसते आणि त्या उत्तर नाकारतात. भरपूर गुण मिळवून देणारी तपासणीच अशी गळते.

उपाय म्हणजे सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस चालवणारा प्रोग्राम) बसवा आणि सर्व्हरची डीएनएस विचारणा १२७.०.०.१ कडे, म्हणजे त्याच मशीनकडे, वळवा. अनबाउंडमध्ये फॉरवर्डर (विचारणा दुसऱ्या डीएनएसकडे ढकलणारी सेटिंग) मात्र ठेवू नका, नाहीतर पुन्हा तेच. स्पॅमहाऊस या काळ्या यादीकडून १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येत असेल, तर विचारणा अजून सार्वजनिक डीएनएसमधूनच जाते आहे.

३. नियम ताजे करा. ‘लिंट’ हा सेटिंगमधल्या चुका शोधणारा पर्याय लावून स्पॅमअसॅसिन चालवा. काहीच छापलं नाही तर सेटिंग ठीक. मग नवे नियम उतरवून घेणारी एसए-अपडेट ही कमांड चालवा आणि स्पॅमडी रीस्टार्ट करा, कारण नियम सुरू होतानाच वाचले जातात. जुने नियम किती महागात पडतात ते १ जानेवारी २०१० ला दिसलं: ‘दूरच्या भविष्यातली तारीख’ पकडणाऱ्या एका नियमाला २०१० हे सालच भविष्य वाटलं आणि साध्यासुध्या मेलनाही गुण चढू लागले.

४. बेझ कुणाच्या नावावर शिकतोय? बेझ म्हणजे दाखवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणारा भाग. निदान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय बेझ बोलत नाही. शिकवणी रूट म्हणून दिली आणि तपासणी दुसऱ्याच युजरखाली चालत असेल, तर ते शिक्षण भलत्याच डेटाबेसमध्ये जातं. एसए-लर्न या शिकवणीच्या कमांडचा डंप (साठलेल्या नोंदींची यादी) त्या युजरच्या नावाने काढून आकडे बघा.

५. मराठी मेल स्पॅममध्ये जातात? मेलची भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट प्लगिन चालू असेल तर ‘ओके लँग्वेजेस’ ही चालणाऱ्या भाषांची सेटिंग बघा. कुणीतरी तिथे फक्त इंग्रजी ठेवलं असेल, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीसही परकी ठरते. मराठी आणि हिंदीचे कोड घाला. अमुक गिऱ्हाइकाचे मेल कायमचे सोडायचेच असतील, तर निव्वळ ‘फ्रॉम’ पत्त्यावर भरवसा नको, तो कुणीही खोटा टाकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का ते पडताळणाऱ्या पद्धती) तपासून सोडणारा पर्याय वापरा.

दुरुस्तीनंतर चाचणी ताज्या स्पॅमवर घ्या. सकाळी निसटलेला मेल संध्याकाळी पुन्हा तपासला तर पकडला जाईलही, पण तोवर पाठवणाऱ्याचं नाव काळ्या यादीत चढलेलं असू शकतं, म्हणजे श्रेय दुरुस्तीचं नसेलही.