एओनियम उन्हाळ्यात झोपतं, त्याला उठवू नका

मे महिन्यात एओनियम या जाड, रसाळ पानांच्या शोभेच्या झाडाची खालची पानं पिवळी पडून गळतात, वरचं पानांचं फुलासारखं चक्र मुठीएवढं आक्रसतं आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं, तहानलंय ते." मग तांब्यावर तांब्या. थोड्याच दिवसांत खोड बुडाशी मऊ. माझं पहिलं झाड असंच गेलं, आणि पाणी घालणारी मीच होते.

हे झुडूप मूळचं कॅनरी बेटांवरचं. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणून ते थंडीत वाढतं आणि उकाड्यात मिटून बसतं. आपली पंचाईत अशी की आपला पावसाळा नेमका त्याच्या झोपेत येतो. एप्रिल ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, दुपारच्या उन्हापासून लांब ठेवा. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती जेमतेम ओलावेल इतकंच. पावसाळी दमट हवेत त्याहूनही कमी. खत अजिबात नको. ऑक्टोबरच्या सुमारास मधोमध नवी पानं दिसली, की वरची दोन बोटं माती सुकल्यावर भरपूर पाणी द्या.

शंका आली तर खोड दाबून बघा. टणक असेल तर झाड झोपलंय. मऊ आणि काळपट असेल तर कुजतंय; मग आतला गाभा स्वच्छ दिसेपर्यंत बुडाकडून वरच्या दिशेने कापत जा, शेंडा सावलीत तीन-चार दिवस सुकवा आणि कोरड्या मातीत लावा. मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे हवेत. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) मुळांची कोंडी होते. नर्सरीतून आलेली कुंडी बऱ्याचदा तशीच असते.

एचेव्हेरिया या दुसऱ्या रसाळ झाडासारखं सुटं पान मातीवर ठेवून वाट पाहू नका, एओनियमचं पान बहुधा सुकूनच जातं. फांदीच लावा, आणि ती थंडीच्या तोंडावर.

'झ्वार्टकॉप' ही काळी-जांभळी जात हिरवी पडली तर तिला ऊन कमी पडतंय. खोडावर लोंबणारी मुळं फुटली तर घाबरू नका. कुंडीत मुळांची दाटी झाली आहे का, तेवढं बघा.

आणि पिवळ्या फुलांचा तुरा आल्यावर ते चक्र वाळलं, तर स्वतःला बोल लावू नका. फुललेलं चक्र मरतंच. बाजूच्या फांद्या जगतात, म्हणून वाळलेली तेवढी छाटायची.