न्यूक्लियसमधले स्पेकल्स स्वतः बघायचेत? मग असं करा
आकृतीत न्यूक्लियस म्हणजे एक पिशवी आणि आत डीएनएचा गुंता एवढंच दाखवतात, त्यामुळे ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनवणं), स्प्लायसिंग (त्या आरएनएतले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडणं) सगळं आत कुठेही चालत असेल असं वाटतं. पण आत प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि ती डोळ्यांनी दिसते. स्पेकल्स, म्हणजे स्प्लायसिंगच्या प्रथिनांचे (फॅक्टर्सचे) ठिपके, हे त्याचंच उदाहरण.

कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) वाढवा, चार तरी कव्हरस्लिप्स घ्या. दोन तशाच ठेवा, दोनमध्ये १०० मायक्रोमोलर डीआरबी (ट्रान्सक्रिप्शन रोखणारं रसायन) घालून दोनेक तास थांबा. डीआरबी सीडीके९ या एन्झाइमला अडवतं, मग आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज-२ जीनच्या सुरुवातीलाच अडकून बसतं. एक डीआरबीवाली राखून बाकीच्या ४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं फिक्स करा (फ्यूम हूडमध्येच, ग्लोव्ह्ज घालून), धुवा, ट्रायटन (पेशीच्या पडद्याला भोकं पाडायला), बीएसए (ॲन्टीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून), मग स्पेकल्सना चिकटणारी एससी-३५ ॲन्टीबॉडी तासभर, तिला चिकटणारी चमकणारी सेकंडरी ॲन्टीबॉडी आणि शेवटी डॅपी (डीएनए रंगवणारा रंग). साध्या दोनपैकी एकीला फक्त सेकंडरी लावा. मी एकदा हे टाळलं आणि अख्खी संध्याकाळ ज्या ठिपक्यांचे फोटो काढले ते सेकंडरीचेच गोळे निघाले, फार वाईट वाटलं.

आता ६३एक्स ऑइल लेन्सखाली साधी पेशी बघा. २०-५० ठिपके दिसतील, कडा फाटक्या-फाटक्या, आणि नेमके डॅपी फिकट आहे तिथेच, म्हणजे क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि त्याच्या प्रथिनांच्या गुंत्याच्या) मधल्या मोकळ्या जागेत. इथेच बरेच जण चुकतात, त्यांना वाटतं स्प्लायसिंग या ठिपक्यांच्या पोटात चालतं, पण हा मुख्यतः स्प्लायसिंग फॅक्टर्सचा साठा आहे. बरंचसं स्प्लायसिंग आरएनए पॉलिमरेजमधून बाहेर पडत असतानाच होतं, कारण माणसाच्या पॉलिमरेज-२च्या शेपटीत सात अमिनो ॲसिड्सचा तुकडा ५२ वेळा येतो आणि त्यावर फॉस्फेट लागले की हे फॅक्टर्स तिथे येऊन चिकटतात. जोरात चालणारे खूप जीन्स स्पेकलच्या कडेलाच असतात ते उगाच नाही.

डीआरबीवाल्या पेशीत तेच ठिपके मोठे, गोल, गुळगुळीत झालेले असतात, बाहेर कामच नाही म्हटल्यावर फॅक्टर्स साठ्यात परत येतात. मग राखलेल्या कव्हरस्लिपवरचं डीआरबी धुऊन ताजं मीडियम घाला, तासाभराने फिक्स करून रंगवा, कडा परत फाटक्या होतात. माझ्यासाठी सगळ्यात सुंदर भाग हाच.

नवा आरएनए बघायला ईयू लेबलिंग (नव्या आरएनएत शिरणारी खूण) जोडलंत तर न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला रायबोसोम बनवायचा भाग) सगळ्यात जास्त चमकेल, तो रायबोसोमल आरएनए आहे, तो सोडून बाकीचे बारीक ठिपके बघा.