ठिपका कुठे टाकायचा, हे आधी शिका

रोगांचे किंवा आगंतुक प्रजातींचे (बाहेरून येऊन इथे पसरलेल्या झाडा-प्राण्यांचे) नकाशे करायला शिकायचंय, असं म्हणणारी मुलं-मुली अधूनमधून विचारायला येतात. बहुतेकांना क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हाताळता येतं, आर प्रोग्रॅमिंग थोडंफार येतं, एखादी प्रजाती कुठे असू शकेल याचा अंदाज काढणारं मॅक्सएन्ट एकदा चालवून बघितलेलं असतं. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, डेटा कुठून डाउनलोड करायचा?" हवामानासाठी वर्ल्डक्लाइम, उपग्रहचित्रांसाठी सेंटिनेल, प्रजातींच्या नोंदींसाठी जीबीआयएफ ही नावं तुम्हाला माहीत आहेत, ती पुन्हा उगाळत नाही. मला एकाच चुकीबद्दल बोलायचंय: नकाशावर ठिपका चुकीच्या जागी टाकण्याच्या. तिच्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं आणि आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी नाशिक जिल्ह्यातल्या स्क्रब टायफसचा धोका दाखवणारा नकाशा करत होते. चिगर माइट या अगदी बारीक, कोळ्याच्या जातकुळीतल्या जिवाची अळी चावली की तिच्यातल्या ओरिएन्शिया जिवाणूमुळे हा ताप येतो, जास्त करून पावसाळ्यात आणि त्यानंतर. चावल्या जागी अनेकदा काळी खपली दिसते. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर माणूस दगावतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. ही माइट स्वतःहून फार लांब जातही नाही. गवत-झुडपांच्या छोट्या छोट्या तुकड्यांत तिची वस्ती असते. एका बांधावर असते, शेजारच्या बांधावर नसते. म्हणून या रोगात माणूस नेमका कुठे चावला गेला, यालाच सगळं महत्त्व आहे.

माझ्याकडे होती एका रुग्णालयाची नोंदवही. रीतसर परवानगी घेऊन, नावं वगळून मिळालेली. त्यात वय, तारीख आणि 'पत्ता' असे रकाने होते. मी गावांची नावं एका तयार स्क्रिप्टमध्ये टाकली, स्क्रिप्टने अक्षांश-रेखांश दिले आणि अर्ध्या तासात नकाशावर ठिपके उमटले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे दाटी, पूर्वेकडे तुरळक. मग ठिपक्यांच्या जागचं हवामान आणि झाडी बघून धोका कुठे हे शिकणारं संगणकीय मॉडेल चालवलं, तर एयूसी ०.९३. एयूसी म्हणजे मॉडेल किती नेमकं ओळखतं त्याचा आकडा; १ म्हणजे बिनचूक, ०.५ म्हणजे नुसता अंदाजपंचे. भरपूर पाऊस आणि झाडीची कड म्हणजे धोका जास्त, असं मॉडेल सांगत होतं. हेच मी पेपरांमध्ये वाचलं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच दिसलं नाही. मार्गदर्शकांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "छान, लिहायला घे."

पुढे सुरगाणा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तो नकाशा घेऊन गेले. तिथल्या आशाताईंनी कागद हातात घेतला, आपल्या गावावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कोणती बाई, मॅडम?" मी वय आणि महिना सांगितला. त्या म्हणाल्या, "ती तर तेव्हा इथं नव्हतीच. दिंडोरीकडं द्राक्षावर होती. ताप तिकडंच आला, मग घरी आणली." मग एकेक करत त्यांनी आणखी तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. तिघीही द्राक्षावर गेलेल्या.

नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी सुरू होते आणि पेठ-सुरगाण्यातून कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येऊन राहतात. माझं बालपण पंचवटीत गेलं, निमाणीच्या स्टँडवर बोचकी घेऊन उतरलेली ही माणसं मी दर वर्षी बघितली होती. तरी नकाशा करताना ती आठवली नाहीत. चावल्यापासून ताप यायला साधारण दहा-बारा दिवस जातात आणि छाटणीचा हंगाम त्याहून लांब चालतो. नोंदवहीतला पत्ता मात्र आधार कार्डावरचा. लागण बागेत झाली, झोपडीमागच्या गवतात झाली की घरी येतानाच्या वाटेवर, हे माझ्या ठिपक्यावरून कळायला मार्गच नव्हता. मी ताप आलेल्या माणसांच्या घरांचा नकाशा काढला होता आणि त्याला रोगाचा नकाशा म्हणत होते.

घरी येऊन सगळे ठिपके एकेक करून तपासले, तेव्हा आणखी घाण निघाली. १९ ठिपके एकाच अक्षांश-रेखांशावर होते. स्क्रिप्टला गाव सापडलं नाही की ती गुपचूप तालुक्याचा मध्यबिंदू देत होती. नोंदवहीत नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं असेल तर ते पिंपळगाव बसवंत की पिंपळगाव बहुला, हे तिने स्वतःच ठरवलं होतं. तीन ठिपके जिल्ह्यात दिसतच नव्हते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाल्याने ते नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडले होते. ही शेवटची चूक सगळ्यात बरी, कारण ती निदान दिसते. बाकीच्या दिसत नाहीत.

दुसऱ्या एखाद्या सपाट जिल्ह्यात वीस-पंचवीस किलोमीटरची चूक कदाचित खपून गेली असती. नाशिकमध्ये नाही खपत. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर सिन्नरला जेमतेम ५००-६००. पेठचा घाट उतरलं की हवा बदलते, माती बदलते, पीक बदलतं. दिंडोरीचा ठिपका सुरगाण्यात टाकलात तर मॉडेलला तुम्ही वेगळंच हवामान शिकवताय. आणि मॉडेल ते निमूट शिकतं, वर ०.९३ही देतं.

त्यामुळे पहिली गोष्ट, सरळ सांगते: ज्याच्या प्रत्येक ठिपक्याबद्दल 'हे ठिकाण कुणी, कसं ठरवलं' हे सांगता येत नाही, तो डेटा मॉडेलमध्ये घालू नका. माझ्या तक्त्यात आता चार रकाने वाढवले आहेत: राहण्याचं ठिकाण, तापाआधीच्या तीन आठवड्यांत कामाचं ठिकाण, ठिकाण कुणी सांगितलं, आणि किती किलोमीटरची चूक असू शकते. शेवटचा रकाना भरायला सगळे कंटाळतात. तोच सगळ्यात महत्त्वाचा. चूक पाच किलोमीटरची असेल तर एक किलोमीटरच्या चौकटीचं (नकाशा ज्या चौकोनांत विभागतो त्यातल्या एकाचं) हवामान तिच्यावर चिकटवण्यात अर्थ नाही, चौकट मोठी करा.

प्राण्यांच्या रोगांत हे कधी कधी सोपं असतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा पोल्ट्री शेड जिथे होती तिथेच होती, कोंबड्या कामाला परगावी जात नाहीत. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप, १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात मेलेल्या माकडांमुळे उजेडात आला. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. तिथे मेलेलं माकड सापडलेली जागा रुग्णाच्या पत्त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. म्हणून पशुसंवर्धन आणि वनखात्याच्या लोकांशी ओळख ठेवा. बंगळुरूची निवेदी ही संस्था जनावरांच्या रोगांचे जिल्हावार पूर्वअंदाज काढते, तेही आधी नीट वाचा.

आगंतुक प्रजातींवर काम करणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. घाणेरी आणि गाजरगवताच्या नोंदी उतरवून घ्या आणि त्यांच्याखाली रस्त्यांचा थर टाका. मुंबई-आग्रा महामार्ग, अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरची वाट. लोक जिथे फिरतात तिथेच नोंदी. गाजरगवत रस्त्याकडेने पसरतं हे खरं, पण माणसंही रस्त्याकडेनेच फोटो काढतात, आणि या दोन गोष्टी मॉडेलला वेगळ्या करता येत नाहीत. पार्श्वभूमीचे बिंदू, म्हणजे मॉडेलला तुलनेसाठी दिलेल्या इतर जागा, जिल्हाभर समान उधळू नका. त्याच लोकांनी इतर झाडांच्या नोंदी जिथे केल्या, तिथून ते घ्या. आणि तपासणीसाठी यादृच्छिक वीस टक्के ठिपके बाजूला काढणं बंद करा. शेजारचा ठिपका बघून शेजारचा ओळखणं सोपंच असतं. पूर्ण तालुकेच बाजूला ठेवा. येवला-नांदगाव वगळून शिकवा आणि मग येवल्याबद्दल विचारा. मी हे केलं तेव्हा माझं ०.९३ थेट ०.६८वर आलं. रडू आलं होतं. पण ते ०.६८ खरं होतं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याने गेल्या दोन वर्षांत एकदाही गावात जाऊन तक्ता भरलेला नाही, त्याच्या हाताखाली हे काम शिकू नका, त्याचे कितीही पेपर असोत. तसंच पंधरा दिवसांचे प्रमाणपत्राचे कोर्स. बटणं कुठे दाबायची ते तिथे कळतं, पण ती व्हिडिओ बघूनही कळतात. ते पैसे एसटीच्या तिकिटाला ठेवा.

आणि घाबरून जाऊ नका, हेही मनापासून सांगते. भूगोल, प्राणिशास्त्र, पशुवैद्यक, कृषी, संख्याशास्त्र, कुठूनही इथे येता येतं. आमच्या गटातली सगळ्यात चांगली मुलगी बीएस्सी ॲग्री करून आली. तिला आर येत नव्हतं, ते तिने चार महिन्यांत उचललं. पण कोणत्या गावचे मजूर कोणत्या बागेवर जातात हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि ते आम्हाला कुठल्याच उपग्रहाने दिलं नसतं. प्रकल्प फसला म्हणजे आपण नालायक, असं मला कित्येक महिने वाटत राहिलं. तुम्हाला तसं वाटलं तर जुना नकाशा फेकू नका, जपून ठेवा. मी माझा दर नव्या बॅचला दाखवते.

नव्या नकाशात आम्ही चौथा रंग घातलाय, करडा. जिथे विश्वासार्ह ठिपका नाही तिथे करडा. सुरगाण्याच्या पश्चिमेकडचा बराचसा भाग सध्या करडा आहे. पुढची फेरी छाटणीची माणसं घरी परतली की आहे. यायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट आणि लांब मोजे आणा, पँट मोज्यांत खोचूनच गवतात उतरायचं. तक्त्याची कोरी प्रत मी देईन.