जुनी चिनी मातीची भांडी जेवणाच्या टेबलावर मांडताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून मी एक मोठी निळी-पांढरी थाळी घरी आणली. तिच्या तळाशी निळ्या दुहेरी वर्तुळात सहा चिनी अक्षरे होती आणि ती थाळी खांग्शी सम्राटाच्या काळातली, म्हणजे १६६२ ते १७२२ या दरम्यानची असल्याचे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती धुवायला घेतली, गीझरचे कडकडीत पाणी सोडले आणि काठाचा तीन बोटे रुंद तुकडा अलगद माझ्या हातात आला. फुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, कारण तो तुकडा पूर्वीच कधीतरी फुटून चिकटवलेला होता. त्याच्या कडेला पिवळट पडलेला, रबरासारखा मऊ झालेला गोंद लोंबत होता. शिक्क्यावर विश्वास ठेवणे, डागडुजी न तपासणे आणि जुन्या भांड्यावर गरम पाणी सोडणे, या तिन्ही चुका मी एकाच थाळीत उरकल्या होत्या.

शिक्का म्हणजे जन्मदाखला नव्हे

चिनी कारागीर आधीच्या सम्राटांची नावे आपल्या भांड्यांवर सर्रास घालत असत. खुद्द खांग्शीच्या काळातल्या कित्येक भांड्यांवर पंधराव्या शतकातल्या छंगह्वा राजवटीचा शिक्का आढळतो, आणि एकोणिसाव्या शतकात भरमसाट तयार झालेल्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांवर खांग्शीचा. यामागे नेहमीच फसवणूक असते असे नाही, बऱ्याचदा तो पूर्वजांविषयीचा आदर असे; मात्र त्या आदराची किंमत आपण तीनशे वर्षांच्या हिशेबाने मोजू नये. इंग्रजी अक्षरांतला मजकूर त्या मानाने अधिक उपयोगी पडतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले, त्यामुळे तळाशी ‘इंग्लंड’ किंवा ‘चायना’ असे छापलेले भांडे बहुधा १८९१ नंतरचे असते, आणि ‘मेड इन’ हे शब्द असतील तर ते सहसा विसाव्या शतकातले निघते.

दुसरी गफलत नावाची. ‘शिन्वाझरी’ म्हणजे चीनमध्ये घडलेली वस्तू नव्हे, तर युरोपाने आपल्या कल्पनेने रंगवलेला चीन. ज्यांच्या घरी आजीच्या काळापासून निळ्या पॅगोड्याच्या बश्या आहेत, त्यांना त्या ‘चीनहून आलेल्या’ असल्याचे ठामपणे वाटत असते. त्या बशीवर पुलावरून जाणारी तीन माणसे, वाकलेले झाड आणि वर दोन पक्षी असतील, तर तो विलो पॅटर्न आहे. तो अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये छापील नक्षी म्हणून जन्मला, आणि त्यासोबत सांगितली जाणारी प्रेमकथाही तिकडेच मागाहून रचली गेली. म्हणून ती बशी हलकी ठरत नाही. फक्त चिनी निर्यातीच्या मालाचा भाव तिला देऊ नये, एवढेच.

खरा माल पाहून डोळा तयार करायचा असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी आणि जपानी भांडी आहेत. बाजारात जाण्यापूर्वी तिथे दोन-तीन फेऱ्या माराव्यात; काचेआडून का होईना, हाताने भरलेला निळा रंग कुठे गडद साचतो आणि कुठे विरतो, हे एकदा नजरेत बसले की छापील नक्षीतल्या बारीक ठिपक्या-रेघा आणि काठावरचा न जुळलेला सांधा लगेच खटकू लागतो.

घेण्यापूर्वी न वाजवणे

भांडे तळहातावर तोलून काठाला बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारावी. धड पोर्सिलेन, म्हणजे उंच आचेत भाजलेली घट्ट पांढरी चिनी माती, खणखणीत वाजते, तडा गेलेले किंवा चिकटवलेले बद्द वाजते. मात्र साधी भाजलेली माती मुळातच बद्द वाजते, म्हणून सोबत मोबाइलचा टॉर्च मागून धरून पाहावा: पोर्सिलेन आणि बोन चायना यांतून उजेड झिरपतो, जाड मातीतून नाही. याच उजेडात केसाएवढा तडाही दिसतो. काठावरून डोळे मिटून बोट फिरवले, तर भरून रंगवलेला टवका स्पर्शाला किंचित कोमट आणि प्लॅस्टिकसारखा लागतो, कारण रंग झिलईइतका, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराइतका, थंड नसतो. मागच्या बाजूला धातूच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेली बशी मिळाली, तर ती जुनी डागडुजी आहे. त्या पट्ट्या उपटू नयेत आणि त्या बशीत जेवूही नये.

पाहायची बशी आणि जेवायची बशी एकच मानणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. निळा रंग बहुतेक वेळा झिलईखाली असतो आणि तेराशे अंशांच्या आसपासच्या आचेत झिलईसकट पक्का होतो. गुलाबी, हिरवे, पिवळे रंग मात्र झिलईवर चढवून, सातशे-आठशे अंशांवर पुन्हा भाजलेले असतात, आणि जुन्या काळी त्यांत शिसे असे. नखाला उंचवटा लागला की रंग वरचा आहे असे समजावे. चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, दही यांतले आम्ल हा रंग हळूहळू खाते आणि शिसे अन्नात उतरते. म्हणजे आपल्याकडची आमटी, सोलकढी, लोणचे आणि कोशिंबीर असे जवळजवळ सगळेच पान या बशांना वर्ज्य ठरते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया असलेल्या घरात तर रंगीत जुनी बशी अन्नासाठी वापरूच नये.

मग मांडायचे कसे? जुनी थाळी खाली ठेवून तिच्यावर आजची साधी पांढरी बशी ठेवावी, म्हणजे नक्षीचा काठ चहूबाजूंनी दिसतो आणि वरण-भात नव्या बशीत राहतो. मोठ्या बाउलमध्ये थेट पाणी न भरता, आत पाण्याचा ग्लास लपवून त्यात सोनचाफा किंवा झेंडू ठेवावा. फराळासाठी जुनी थाळी वापरायचीच असेल, तर केळीच्या पानाचा गोल तुकडा कापून त्यावर शंकरपाळे किंवा लाडू रचावेत. हिरव्यावर निळा काठ दिसायला इतका सुरेख, की टेबलक्लॉथ लागत नाही. तसाही नक्षीदार टेबलक्लॉथ या भांड्यांखाली घालू नये, दोन्ही एकमेकांशी भांडतात.

मुंबईत आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. बोन चायनाच्या मातीत जवळपास निम्मी गुरांच्या हाडांची राख असते. जैन शेजारी जेवायला येणार असतील, तर हे त्यांना टेबलावर बसल्यावर कळणे बरे नव्हे.

डाग काढण्याच्या नादात भांडे घालवणे

झिलईला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा गेलेल्या असतील, तर हळद आणि तेल त्यांतून आत उतरते आणि तपकिरी डाग वर येतो. ब्लीच वापरण्याचा मोह इथेच होतो. क्लोरिनच्या ब्लीचचे क्षार मातीत अडकून वाळताना स्फटिक बनतात आणि आतून झिलईचे पापुद्रे उडवतात. भांडे आधी साध्या पाण्यात काही तास भिजवून, केमिस्टकडे मिळणाऱ्या तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवलेला कापूस डागावर दोन-तीन दिवस ओला ठेवावा आणि नंतर साध्या पाण्यात पुन्हा भिजवावे. सोनेरी काठ, वरून चढवलेला रंग किंवा जोडलेला भाग असेल, तर हा उपाय अजिबात करू नये.

स्टीलच्या चमच्यांच्या करड्या रेघा हा ओरखडा नसून झिलईवर घासला गेलेला धातू असतो. बेकिंग सोड्याच्या ओल्या लेपाने, हलक्या बोटाने तो बहुधा निघतो. सोनेरी मुलाम्याला मात्र सोडाही लावू नये. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर यांचा तर विचारच नको.

कपाटातल्या चुका

बश्या एकावर एक ठेवताना वरच्या बशीचा खरखरीत तळ खालच्या नक्षीवर ओरखडे काढतो, म्हणून मध्ये मलमलीचा तुकडा घालावा. वर्तमानपत्र नको, शाई तळाच्या उघड्या मातीत उतरते. फोमही नको, तो दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो. भिंतीवर टांगायच्या स्प्रिंगच्या तारा समुद्राच्या हवेत गंजतात आणि घट्ट बसल्या तर काठाला टवका पाडतात. आणि ज्यांचे घर रेल्वेमार्गालगत आहे, त्यांनी महिन्यातून एकदा फळीकडे नीट पाहावे: आमच्या शोकेसमधली उभी केलेली थाळी गाड्यांच्या धक्क्यांनी दरवेळी थोडी पुढे सरकते. स्टँडच्या पायांखाली मेणाचे चार गोळे लावल्यापासून ती जागची हललेली नाही.

शेवटची चूक परदेशी राहणाऱ्या लेकीला किंवा नातवाला संपूर्ण सेट पार्सल करण्याची. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. सेट त्याहून नवा असेल, तर तसे पुरातत्त्व खात्याकडून आधी लेखी घ्यावे, मगच पॅकिंगचा खोका शोधावा.